समुद्राचा शुक्रवार

गुरुवारची सांज झाली की आचेच्या किनाऱ्यावर होड्या खाडीच्या तोंडाशी येऊन लागतात. लहान इंजिनाच्या होडीला तिथे ‘थेप-थेप’ म्हणतात. आपल्याकडे मोटरसायकलला फटफटी म्हणायचे, तसं आवाजावरून पडलेलं नाव. तो आवाज एकेक करून बंद होत जातो. जाळी धक्क्यावर पसरली जातात, फाटक्या फासांवर सुई चालू लागते, कोणी फळ्यांमधली फट बुजवायला घेतो. आता उद्या दुपारची नमाज होईपर्यंत पाण्यात जायचं नाही. गेलात आणि सापडलात, तर मासळी जप्त आणि होडी तीन ते सात दिवस किनाऱ्यावर. हा नियम कुठल्या मत्स्य खात्याने काढलेला नाही. तो पाळून घेणारा माणूस त्याच खाडीवरचा असतो, स्वतः तांडेलकी केलेला. ज्याची होडी त्याने अडकवली, त्याच्याच मांडीला मांडी लावून तो शुक्रवारच्या नमाजाला बसतो. त्याला म्हणतात पांग्लिमा लाओत, म्हणजे समुद्राचा सेनापती.

आचे हा सुमात्रा बेटाच्या वायव्य टोकाचा प्रांत. ग्रेट निकोबारच्या इंदिरा पॉइंटवरून नकाशावर बोट खाली सरकवलं की दीडशे किलोमीटरच्या आसपास आचेचं पहिलं बेट लागतं. दिल्लीपेक्षाच काय, पोर्ट ब्लेअरपेक्षाही आपलं ते दक्षिण टोक आचेला जवळ. तरी या शेजाऱ्याची ओळख आपल्याला झाली ती २००४च्या डिसेंबरातल्या सुनामीत, आणि तीही मढी मोजताना.

पांग्लिमा लाओत ही संस्था चारशे वर्षांची मानली जाते. तिला शिक्का, पदाधिकारी, कायद्यातलं कलम हे सगळं मिळालं ते गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत. त्याआधीची तिची वाटचाल दप्तरात कमी आणि माणसांच्या वागण्यात जास्त सापडते.

परंपरा तिचा आरंभ सुलतान इस्कंदर मुदाच्या काळात धरते. १६०७ ते १६३६ ही त्याची कारकीर्द. मिरीच्या व्यापारावर आचे गब्बर झालं होतं आणि मलाक्कातल्या पोर्तुगिजांशी त्याची लढाई चालू होती. तेव्हाच्या पांग्लिमा लाओतकडे दोन कामं सांगतात. बंदरातल्या होड्यांकडून सुलतानाची जकात गोळा करायची, आणि युद्ध लागलं की मच्छीमारांना होड्यांसकट लढायला काढायचं. म्हणजे तो खरोखरच सेनापती होता. मासे वाचवायचे, प्रवाळ जपायचं, असलं काही त्या कामात नव्हतं. हे मुद्दाम लिहितो, कारण जुन्या रूढी दिसल्या की आपल्या पूर्वजांना पर्यावरणवादी ठरवायची घाई हल्ली फार होते. पूर्वजांना पोट होतं, देव होता आणि शेजारी होता. समुद्र वाचला तो या तिघांच्या भानगडीतून.

देवाकडे आधी वळू. सतराव्या शतकातलं आचे म्हणजे मक्केची ओसरी. सुमात्रा-जावाचे हाजी तिथून जहाजात चढत. त्या दरबारात १६३७ साली येऊन बसलेला मोठा पंडित नूरुद्दीन रानीरी हा सुरतेजवळच्या रांदेरचा. त्याच्या मागून नाव झालं ते सिंकेलच्या अब्दुर्रऊफ यांचं. हे एकोणीस वर्षं अरबस्तानात शिकले आणि शत्तारी सूफी पंथाची दीक्षा घेऊन परतले. त्यांच्या गुरुपरंपरेत मागे भडोचचे सिब्गतुल्ला आहेत, ज्यांचा काही काळ अहमदनगर आणि विजापुरात गेला होता. दख्खनची धूळ अशी मदिनेमार्गे आचेच्या खाडीत पोहोचली. अब्दुर्रऊफ १६९३ साली वारले. त्यांना लोक ‘श्याह क्वाला’ म्हणतात. क्वाला म्हणजे नदीचं मुख, आणि श्याह क्वाला म्हणजे नदीमुखावरचे शेख. त्यांची कबर तिथेच आहे, होड्या लागतात त्या जागी.

आचेत एक म्हण आहे. तिचा आशय असा की रूढी आणि शरियत यांचं नातं वस्तू आणि तिचा गुण यांच्यासारखं, एक काढलं की दुसरं उरत नाही. द्रव्य आणि गुण ही भाषा सूफी तत्त्वज्ञानाची, आणि ती कोळ्याच्या तोंडी बसली आहे. रूढीला ते अदात म्हणतात, धर्मशास्त्राला हुकोम. गावातही दोन माणसं: गावकारभारी केउचिक हा गावचा बाप, आणि धर्म सांगणारा तेंग्कू ही गावची आई. पंचायत बसते ती मेउनासाहमध्ये, जिथे नमाजही होते आणि भांडणही मिटतं. आपल्याकडे देवळाच्या सभामंडपात दोन्ही चालायचं तसं.

मग ‘इस्लामी अध्यात्म आणि स्थानिक परंपरा’ असं दोन वेगळ्या गोष्टींसारखं म्हणतात, त्यातला तो ‘आणि’ आला कुठून? त्याचा एक बाप मला ठाऊक आहे. १८७३ साली डचांनी आचेवर युद्ध लादलं आणि ते संपता संपेना. १८९१ साली डच सरकारने स्नूक हुर्ग्रोन्ये नावाचा विद्वान तिथे पाठवला. हा गृहस्थ आधी मक्केत मुसलमान म्हणून राहून आलेला. त्याने आचेच्या चालीरीतींवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला, अजून लागतो असा, आणि सरकारला सल्ला दिला की रूढीचे सरदार हाताशी धरा आणि उलेमांना निर्दयपणे ठेचा. अदात एका खणात, इस्लाम दुसऱ्या खणात. फोडा आणि झोडा हे आपल्याला इंग्रजांनी शिकवलं, आचेकरांना डचांनी. सरदार डचांचे झाले, आणि १९४५-४६च्या उठावात त्याची किंमत देऊन संपले. पांग्लिमा लाओत मात्र राहिला. माझ्या मते याचं कारण साधं आहे: त्याच्याकडे जमीन नव्हती. पाण्यावरची सत्ता बळकावून कोणाला काय मिळणार होतं?

ही सत्ता चालते ती ल्होकवर. ल्होक म्हणजे खाडी किंवा उपसागर. पाच गावांच्या होड्या एका मुखातून आत-बाहेर करत असतील तर त्या पाचही गावांचा पांग्लिमा लाओत एक. सरकारी नकाशातल्या गावांच्या हद्दी त्याला लागू होत नाहीत. त्याला निवडतात ‘पावांग’, म्हणजे होड्यांचे तांडेल. माशांची वेळ, वारा, चंद्र आणि कोण खोटं बोलतो, या चारही गोष्टी कळणारा माणूस त्यांना हवा असतो.

त्याचे नियम ऐकताना कोकणातल्या माणसाला घरी आल्यासारखं वाटतं. किनाऱ्यावरची झाडं तोडायची नाहीत. कुठली, तर सुरू, केवडा, देशी बदाम, नारळ, आणि खाडीतलं कांदळ. सुरुंग लावायचा नाही, विष टाकायचं नाही, विजेचा झटका द्यायचा नाही, प्रवाळ काढायचं नाही. कासव आणि डॉल्फिन धरायचे नाहीत. एका होडीने थवा हेरून जाळं टाकायला घेतलं असेल तर दुसरीने मध्ये घुसायचं नाही; घुसली तर मासळीची वाटणी कशी करायची याचे हिशेब ठरलेले. किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, आपली रापण, त्याला ते तारेक पुकात म्हणतात. पंधरा-वीस माणसं दोन टोकांना दोरी धरून मागे रेलतात, वाळूत टाचा रुततात, आणि जाळ्याचं पोट किनाऱ्याला लागलं की दोरीला हात लावलेल्या प्रत्येकाचा वाटा निघतो. त्या ओढण्याच्या हालचालींचं आचेत एक नृत्यही आहे, बायका-मुली दोऱ्या गुंफून करतात.

आणि बंदीचे दिवस. शुक्रवार. रमजान ईदचे तीन, बकरी ईदचे तीन. खाडीची वार्षिक मेजवानी झाली की तीन. सतरा ऑगस्ट, इंडोनेशियाचा स्वातंत्र्यदिन. आणि सव्वीस डिसेंबर. त्याच्याकडे पुढे येतो. सहज बेरीज केली. वर्षाचे बावन्न शुक्रवार धरले, ते अपुरे का असेनात, तर आकडा ६३च्या आसपास जातो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची सरकारी मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस. आपल्याकडे पावसाळा आहे, दर्या स्वतःच दार लावून घेतो आणि नारळी पौर्णिमेला आपण ते उघडतो. विषुववृत्ताजवळच्या आचेला असा बंद दरवाजा नाही. त्यांनी तो आठवड्याच्या हप्त्यांत करून घेतला.

शुक्रवारच्या बंदीला धर्माचा आधार सरळ आहे: नमाजाची हाक आली की व्यवहार थांबवायचा. पण मला जास्त गंमत वाटते ती कुराणाच्या आराफ सूरेतल्या एका गोष्टीची. समुद्रकाठच्या एका गावाला आठवड्याचा एक दिवस मासे धरायला मनाई असते, आणि मासे नेमके त्याच दिवशी वर येतात. गावकरी पळवाट काढतात आणि कोपाला पात्र होतात. परीक्षा म्हणून ती सांगितली जाते. कोणत्याही कोळ्याला ती ऐकवा. तो म्हणेल, ज्या दिवशी जाळं नसतं त्या दिवशी मासे वर येणारच की. अर-रूम सूरेत जमिनीवर आणि समुद्रात माणसाच्या हातून माजलेल्या बिघाडाचा उल्लेख आहे, आणि आजचे इंडोनेशियन धर्मोपदेशक पर्यावरणावर बोलताना तिकडे वळतात. २०१४ साली तिथल्या उलेमा परिषदेने दुर्मीळ प्राण्यांच्या शिकारीविरुद्ध फतवा काढला तेव्हा जगभर बातम्या झाल्या. खाडीवर तोवर कासवाची बंदी कुणी बातमी न करता चालू होती.

सगळं गोडीगुलाबीत चाललं असं मात्र नाही. खाडीची मेजवानी, कांदुरी लाओत, हीच बघा. मोसमाच्या सुरुवातीला होडीवाले वर्गणी काढतात, म्हैस कापतात, मोठाल्या कढयांत रस्सा शिजतो, सगळी खाडी जेवते. पूर्वी म्हशीचं डोकं नि उरलेसुरले अवयव समुद्राला वाहायचे. उलेमांनी हरकत घेतली की हे अल्लाहखेरीज दुसऱ्याला नैवेद्य दाखवणं झालं. अनेक खाड्यांवर ते थांबलं. त्या जागी यासीन सूरेचं पठण आलं, दुआ आली, आणि अनाथ मुलांची पंगत पहिली बसू लागली. समुद्राचा वाटा अनाथांना गेला म्हणायचं. कुठेकुठे जुनी पद्धत चालूच आहे. सोन्याचा नारळ दर्याला अर्पण करणाऱ्यांना या वादात एका बाजूने बोलता येणार नाही. मला एवढंच दिसतं की नैवेद्य बदलला तरी मेजवानीनंतरची तीन दिवसांची बंदी कुणी बदलली नाही.

स्वातंत्र्यानंतर संस्थेवर पहिली मोठी धाड पडली ती कागदाची. १९७९ सालच्या एका कायद्याने सुहार्तो सरकारने सगळ्या देशभर जावाच्या धर्तीची एकसारखी गावव्यवस्था लावली. आचेतली गाव आणि गावसमूहांची जुनी घडी विस्कटली. त्याच सुमाराला समुद्रात ‘पुकात हरिमाऊ’ फिरत होतं. शब्दाचा अर्थ वाघजाळं. ट्रॉलरला मलाय किनाऱ्यावर पडलेलं नाव. तळ खरवडत जाणारं हे जाळं आणि छोट्या होड्या यांच्यात इतक्या मारामाऱ्या झाल्या की १९८० साली खुद्द राष्ट्राध्यक्षांना हुकूम काढून जावा-सुमात्राच्या पाण्यात ट्रॉलिंग बंद करावं लागलं. १९८२ साली लांग्सा शहरात आचेभरचे पांग्लिमा लाओत जमले. तोवर प्रत्येक खाडी आपल्यापुरती होती. आता खाडीवर एक आणि जिल्ह्याला एक अशी दोन मजली रचना झाली; प्रांताचा तिसरा मजला पुढे चढला. दोन खाड्यांचं भांडण आता जिल्ह्यावर मिटू शकत होतं. पण माझ्या समजुतीप्रमाणे याच वळणावर सेनापतीच्या हातात पहिल्यांदा फाइल आली, आणि फाइल आली की तिच्याबरोबर तिची माणसंही येतात.

पुढची वीसेक वर्षं आचेत गोळीबाराची. १९७६ पासून स्वतंत्र आचेची चळवळ आणि इंडोनेशियाचं सैन्य यांच्यात जी चकमक चालू होती तिने जोर धरला. अशा काळात सतरा ऑगस्टला होडी बांधून ठेवण्याचे दोन्हीकडून अर्थ निघत असणार. तो दिवस यादीत टिकला, यातच खाडीवाल्यांचं शहाणपण आहे.

मग सव्वीस डिसेंबर २००४. रविवार होता, म्हणजे बंदीचा दिवस नव्हता. सकाळी आठच्या आत जमीन हलली. जे खोल पाण्यात होते त्यांच्या होडीखालून लाट निघून गेली, त्यांना नुसता फुगवटा जाणवला. जे किनाऱ्यावर होते ते गेले. आचेत दीड लाखाहून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. बांदा आचेच्या लांपुलो या मच्छीमार वस्तीत एक मोठी होडी लाटेबरोबर येऊन घराच्या गच्चीवर टेकली. तिच्यात चढलेली ५९ माणसं वाचली. ती होडी अजून त्या घरावर आहे, लोक बघायला जातात. श्याह क्वालाच्या कबरीच्या परिसरावरूनही पाणी गेलं. पश्चिमेच्या सिमेउलूए बेटावर मात्र सुमारे पाऊण लाख वस्तीत फक्त सात माणसं दगावली. १९०७च्या लाटेची आठवण त्यांनी ‘स्मोंग’ या एका शब्दात आणि अंगाईच्या गाण्यांत जपली होती: जमीन जोरात हलली, समुद्र मागे हटला, की टेकडीकडे पळायचं. सायरन नव्हता, शब्द होता.

समुद्राच्या रूढीत एक कलम आहे ते त्या आठवड्यांत कामाला आलं. पाण्यात मढं दिसलं तर जाळं सोडून ते किनाऱ्याला आणायचं, कोणाचंही असो. बेपत्ता माणसाला शोधायला सगळ्या होड्यांनी निघायचं. संकटातल्या होडीने कापड उंचावलं की दिसेल त्याने वळायचं. हे सगळं मासेमारीच्या नियमांच्याच यादीत आहे, वेगळं परोपकाराचं प्रकरण नाही.

त्यानंतर होड्यांचा पूर आला. जगभरच्या मदत संस्थांनी होड्या वाटल्या, घाईने बांधलेल्या, काही कच्च्या लाकडाच्या, काही दर्यात नेण्याजोग्या नसलेल्या. खरा मच्छीमार कोण आणि फोटोपुरता कोण, हे बाहेरच्यांना कसं कळावं? त्यांना शेवटी खाडीवरच्या सेनापतीला विचारावं लागलं. १५ ऑगस्ट २००५ला हेलसिंकीत शांतताकरार झाला, २००६च्या आचे कारभार कायद्यात पांग्लिमा लाओतचं नाव रूढीसंस्थांच्या यादीत आलं, आणि २००८च्या प्रांतिक कायद्यांनी ठरवलं की अठरा प्रकारची भांडणं पोलिसांकडे जाण्याआधी रूढीच्या पंचायतीत न्यायची; समुद्रातली भांडणं त्यांत धरली. चारशे वर्षं जे न विचारता केलं ते आता परवानगीने करता येऊ लागलं. सव्वीस डिसेंबरही सुनामीनंतरच बंदीच्या यादीत चढला.

या रूढीने मासे खरोखर वाचतात का, असा रोकडा प्रश्न विचारणारे संशोधक २००५च्या वसंतात आचेच्या प्रवाळावर उतरले. लाटेने सगळं चिरडलं असेल अशी अपेक्षा होती. दिसलं वेगळंच. लाटेचं नुकसान थोडं होतं; जुनी जखम माणसाची होती. वेह बेटाच्या इबोइहसारख्या भागांत, जिथे पांग्लिमा लाओतच्या नियमाने जाळ्यांना मज्जाव होता, तिथे प्रवाळ दाट होतं. शेजारच्या बेटांवर, जिथे सुरुंग आणि सायनाइड चालत आलं होतं, तिथे प्रवाळाच्या जागी शेवाळ. पुढच्या काही वर्षांच्या मोजणीतही जाळंबंदीच्या पाण्यात मासळी ठळकपणे जास्त सापडली. इबोइहचा नियम मुळात भांडण टाळायला केलेला, जाळी एकमेकांत गुंतू नयेत म्हणून. प्रवाळ जगलं हा वरचा वाटा.

पण वाढत्या उष्णतेवर सेनापतीचा हुकूम चालत नाही. २०१० साली अंदमान समुद्राचं पाणी ३४ अंशांपर्यंत तापलं आणि वेहचं प्रवाळ पांढरं पडून मोठ्या प्रमाणावर मेलं, नियम पाळलेलं आणि न पाळलेलं दोन्ही. व्यापारी बोटींची, धक्क्यावरच्या दलालांची गोष्टही तीच. या दलालांना तिथे ‘तोके’ म्हणतात. होडीला डिझेल आणि बर्फ उधार देणारा तोके आणि शुक्रवारी होडी बांधायला लावणारा सेनापती यांच्यामध्ये खलाशी उभा असतो. तीन दिवसांची बंदी खलाशाला जाचते. तोकेच्या वहीत ती दिसतही नाही.

मग सीमा. मासे इंडोनेशियाच्या हद्दीत थांबत नाहीत आणि पूर्व आचेतल्या इदीच्या होड्याही थांबत नाहीत. त्या अंदमान-निकोबारच्या पाण्यात धरल्या जातात, थायलंडला धरल्या जातात. तेव्हा घरच्यांना निरोप देणं, वकिलातीकडे खेटे घालणं, सुटलेल्यांना परत आणणं यात पांग्लिमा लाओतची माणसं असतात. आपल्या किनाऱ्यावर गुजरात-पालघरच्या खलाशांची पाकिस्तानच्या तुरुंगातून सुटका होते तेव्हा स्टेशनवर जे चेहरे दिसतात, तेच चेहरे तिकडे आपल्या तुरुंगातून परतणाऱ्यांची वाट बघत असतात. उलटाही हिशेब आहे: आचेच्या पाण्यात जप्त झालेल्या परदेशी बोटींच्या पैशातून मच्छीमारांच्या मुलांच्या शिक्षणासाठी निधी उभा राहिला.

या वाटचालीतलं सगळ्यात अवघड पान मे २०१५चं. अंदमान समुद्रात दलालांनी सोडून दिलेल्या बोटींवर रोहिंग्या आणि बांगलादेशी माणसं आठवडेच्या आठवडे तरंगत होती. कोणताच देश त्यांना घेईना. आचेच्या मच्छीमारांना त्यांना आणू नका अशी ताकीद मिळाल्याचं त्यांनीच सांगितलं. तरी लांग्सा आणि आसपासच्या होड्या गेल्या, आणि सुमारे अठराशे जण आचेच्या किनाऱ्याला लागले. विचारलं तेव्हा मच्छीमारांनी रूढीच पुढे केली: कापड उंचावलं होतं, आम्ही वळलो. जून २०२०मध्येही असंच झालं. पण तेव्हाच्या बचावात सामील असलेल्या तिघांना वर्षभराने माणसांच्या तस्करीसाठी पाच वर्षांची शिक्षा झाली. दलालांनी रूढीचा चांगुलपणा हेरला होता, आणि होडीवर गेलेला माणूस वाचवायला गेला की भाड्याने गेला, हे न्यायालयात सिद्ध करणं ज्याला त्याला जड. २०२३च्या अखेरीस हजाराहून जास्त माणसं लागोपाठ येऊ लागली तेव्हा काही गावांनी बोटी परत ढकलल्या. ज्या लोकांनी २०१५ साली घरातून भात आणून वाढला होता, त्यांच्याच किनाऱ्यावर. यावर निकाल देणं मला इथे बसून शोभत नाही. एवढं नोंदवतो की रूढीत ‘किती’ हा शब्द नाही, आणि आता लोक तोच विचारत आहेत.

अजून एक गोष्ट राहून जाते. धक्क्याच्या मागच्या बाजूला कुपा उकडून, मग उन्हात लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवतात. त्याला कउमामाह म्हणतात, डचांविरुद्धच्या लढायांत हीच शिदोरी होती असं सांगतात. सुरीने त्याच्या पातळ चिपा काढायच्या आणि मिरची-नारळाच्या रश्शात टाकायच्या. या वाळवण्या-सोलण्याच्या कामात बायकांचे हात मोठे. पण तांडेल पुरुष, म्हणून निवडणारे पुरुष, म्हणून निवडलेलाही पुरुषच. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मलाहायाती नावाच्या बाईने ज्या आरमाराचं नेतृत्व केलं, ज्या गादीवर १६४१ ते १६९९ ओळीने चार राण्या बसल्या, तिथली ही गत. कोळीवाड्यातल्या जमातीच्या बैठकीलाही हा प्रश्न लागू आहे, आणि ‘जमात’ हा शब्दही तिथून फार दूरचा नाही.

२०२४ साली सुनामीला वीस वर्षं झाली. सव्वीस डिसेंबरला सकाळी बांदा आचेत तीन मिनिटं सायरन वाजला. उले ल्हेउच्या सामूहिक दफनभूमीवर, जिथे नावं नाहीत, नुसतं गवत आहे, तिथे माणसं यासीन वाचत बसली. कोणाचं माणूस नेमकं कुठे आहे हे माहीत नसल्यामुळे प्रत्येकाने आपापली जागा ठरवून घेतलेली. बंदीचा दिवस होता. तो गुरुवार होता. त्यामुळे सूर्य बुडाला तेव्हा एक बंदी संपली आणि त्याच घटकेला शुक्रवारची लागली. थेप-थेपचा आवाज दुसऱ्या दिवशी दुपारी, नमाज सुटल्यावर.